दारावरची ओळख : शाळेचा संगणक, डिरेक्टरी सर्व्हर आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.





आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वेब ॲप्लिकेशन, डिरेक्टरी सर्व्हर, लॉगिन ही सारी नावे ऐकून एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास वाटेल की हे इंजिनियर लोकांचे काम, इतिहास शिकविणाऱ्या मास्तरने त्यात कशाला पडावे? शंका रास्त आहे. परंतु आपल्या मुलांचे गुण, हजेरी, फी आणि ग्रंथालयाची पुस्तके यांची नोंद आता संगणकावर येत आहे. ती कोण पाहू शकेल व कोण बदलू शकेल, हा प्रश्न निव्वळ यंत्राचा राहत नाही. तो विश्वासाचा आहे, आणि म्हणून पालकांसमोर मांडावयाचा आहे.

प्रथम आजची स्थिती पाहू. बहुतेक शाळांत कार्यालयाची एक यादी असते, ग्रंथालयाची दुसरी आणि संगणक कक्षाची तिसरी. प्रत्येक ठिकाणी मुलाचे नाव निराळ्या तऱ्हेने लिहिलेले, प्रत्येक ठिकाणी पासवर्ड निराळा. इतके पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून शेवटी सर्वांसाठी एकच खाते उघडले जाते आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटविला जातो. अशा खात्यातून कोणा मुलाचे गुण बदलले गेले तर ते कोणी बदलले याचा पत्ता लागत नाही. सारेच जबाबदार, म्हणजे कोणीच नाही. एखादे शिक्षक दुसरीकडे नोकरीस गेले, तरी त्यांची किल्ली आपल्या कुलपाला चालतच राहते. त्यांच्या मनात काही नसेलही. पण ती किल्ली पुढे कोणाच्या हाती पडेल हे कोणी सांगावे?

याहून वाईट प्रकार शाळेबाहेर घडतो. माझ्या वर्गातील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज तिच्या वडिलांनी बाजारातील एका दुकानात भरून घेतला. दुकानदाराने पासवर्ड स्वतःच ठरविला आणि मोबाईल नंबरही स्वतःचाच घातला. पुढील वर्षी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा दुकान बंद झालेले आणि नंबरही बंद. सांकेतिक अंक त्या बंद नंबरावर जात राहिले. मुलगी हुशार, कागदपत्रे बिनचूक, पण तिच्या नावाच्या दाराची किल्ली तिच्याकडे नव्हती. नंबर बदलून मिळेपर्यंत मुदत संपली. सरकारी संकेतस्थळांचे प्रवेश आपल्या शाळेच्या यंत्रणेत येत नाहीत, तेव्हा आपली यंत्रणा कितीही चांगली असली तरी हे दुखणे तिने बरे होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र ओळख म्हणजे काय आणि ती कोणाच्या हाती असावी, हे त्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येते.

आता डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. पूर्वी पोस्टात किंवा बड्या घरी टेलिफोन डिरेक्टरी असे. नाव शोधा, नंबर मिळवा. लिहिणे क्वचित, वाचणे वारंवार, हा तिचा स्वभाव. संगणकातील डिरेक्टरीचा जन्मही टेलिफोन-तारखात्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळींच्या हातून झाला. १९८८ साली त्यांनी एक्स.५०० नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले. ते इतके जड होते की लहान संगणकांना झेपेना. तेव्हा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती तयार केली, आणि १९९३ साली ती जगापुढे आली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून 'एलडॅप' हा शब्द झाला. पवईच्या आयआयटीत तर 'एलडॅप आयडी' हे शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी आपल्या 'रोल नंबर'इतके रुळले आहेत. आपल्यातील जी मुले पुढे तेथे जातील (आणि का जाऊ नयेत?) त्यांना हा शब्द पहिल्याच आठवड्यात भेटेल.

थोडक्यात, डिरेक्टरी म्हणजे संगणकातील जनरल रजिस्टर. शाळेचे जनरल रजिस्टर एकच असते, शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो, आणि त्यात खाडाखोड करण्याचा अधिकार कोणासही सहजासहजी मिळत नाही. तोच मान या नोंदवहीला द्यावयाचा. ग्रंथालयाचे ॲप्लिकेशन असो की निकालाचे, प्रत्येकाने तिलाच विचारावे, स्वतःची निराळी यादी ठेवू नये.

ही वही झाडासारखी रचलेली असते. मुळाशी संस्था, तिच्या फांद्या म्हणजे डहाणू आणि तलासरी, आणि त्यांवर विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांच्या नोंदी. येथे एक मोह आवरावा लागतो, तो म्हणजे इयत्तेची आणि तुकडीचीही फांदी करण्याचा. मुले दर जूनमध्ये वरच्या वर्गात जातात, म्हणजे दर वर्षी सारे झाड उपटून पुन्हा लावणे आले. इयत्ता ही नोंदीतील एक माहिती म्हणून लिहावी, पत्त्याचा भाग करू नये. आपण पालघरकरांनी हे विसरता कामा नये. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला, आणि घर न हलविता आपणा सर्वांचा जिल्हा बदलला. तलासरीच्या वृद्धांनी तर १९६० मध्ये राज्याची सीमा आखली जाताना आणि उंबरगाव गुजरातेत जाताना पाहिले आहे. बदलणारी गोष्ट ओळखीत गुंफली की पुढे किती कागद फिरवावे लागतात, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

नावाचा प्रश्न मात्र मोठा नाजूक, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. आपल्या समाजात मोहम्मद, अहमद, फातिमा ही नावे घरोघर आहेत. शेख आणि खान तर एका वर्गात पाच-सहा सापडतात. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ. 'मोहम्मद' हे नाव एका दाखल्यावर पूर्ण, दुसऱ्यावर दोन अक्षरे आणि एक टिंब, तिसऱ्यावर अजिबात गायब. 'शेख' तीन तऱ्हांनी लिहिलेला मी एकाच मुलाच्या तीन कागदांवर पाहिला आहे. आधार कार्डावर आडनाव शेवटी, दाखल्यावर आरंभी. हा प्रकार आपल्यापुरताच आहे असेही नाही. पाड्यांवरून येणाऱ्या वारली मुलांत एका पाड्याची निम्मी घरे एकाच आडनावाची असतात. मुलींची आडनावे लग्नानंतर बदलतात. म्हणून लॉगिनचे नाव हे मुलाच्या नावावरून बनवूच नये. ते जनरल रजिस्टरच्या नंबरावरून, शाखेचे अक्षर पुढे लावून बनवावे. नंबर एकदा दिला की तो त्याचाच. मूल शाळा सोडून गेले तरी तो नंबर दुसऱ्यास देऊ नये. काही पालक म्हणतील, आमच्या मुलाला नंबर का करता? त्यांना माझे सांगणे आहे की नाव आम्ही मराठीत, उर्दूत, इंग्रजीत, तुम्ही म्हणाल तसे नोंदीत लिहू. नंबर फक्त दारावर विचारण्यासाठी.

आता दारावर प्रत्यक्ष काय घडते ते ऐका. समजा तलासरीची एक विद्यार्थिनी निकाल पाहण्यासाठी ॲप्लिकेशन उघडते, आपला नंबर आणि पासवर्ड घालते. ॲप्लिकेशनजवळ पासवर्डांची यादी नसते. ते प्रथम स्वतःच्या एका मर्यादित खात्याने, ज्याला फक्त वाचण्याची मुभा आहे, डिरेक्टरीकडे जाऊन विचारते, 'या नंबराची नोंद कोठे आहे?' डिरेक्टरी झाडावरील पूर्ण पत्ता देते. मग ॲप्लिकेशन तोच पत्ता आणि मुलीने दिलेला पासवर्ड पुढे करून दार ठोठावते. या ठोठावण्यास संगणकाच्या भाषेत 'बाइंड' म्हणतात. डिरेक्टरी शून्य हा अंक परत देते तेव्हा ओळख पटली असे समजावे. ४९ आला तर ओळख पटली नाही. त्यानंतर ती कोणत्या गटात आहे ते पाहावयाचे. विद्यार्थी गटात असेल तर स्वतःचा निकाल वाचता येईल. शिक्षक गटात असेल तर आपल्या विषयाचे गुण भरता येतील. ओळख पटणे ही एक गोष्ट आणि अधिकार असणे ही दुसरी. लग्नघरी पाहुणा म्हणून ओळख पटली म्हणजे तिजोरी उघडावयास मिळते असे नाही.

डिरेक्टरीतही पासवर्ड जसाच्या तसा ठेवू नये. १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी संस्थेत एका संगणकावर घोटाळा झाला, पासवर्डांची फाईल दिवसाच्या सूचनेच्या जागी गेली, आणि जो लॉगिन करी त्याला साऱ्यांचे पासवर्ड पडद्यावर दिसू लागले. तेव्हापासून जग शहाणे होत गेले. आता पासवर्डाची चटणी करून ठेवतात. पाट्यावर वाटलेल्या चटणीतून मिरची पुन्हा अखंड निघत नाही. नवा पासवर्ड आला की तोही तसाच वाटून दोन्ही चटण्या जुळतात का ते पाहावयाचे. मात्र दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तर चटणीही एकच दिसेल, म्हणून प्रत्येकाच्या चटणीत निराळे मीठ टाकतात. ही माझी मास्तरकी समजू नका, इंग्रजीत त्याला खरोखरच मीठ हाच शब्द आहे.

काही फटी मात्र मुद्दाम बुजवाव्या लागतात, आणि यंत्रणा उभारून देणाऱ्यास संस्थेने त्याबद्दल तोंडावर विचारले पाहिजे. नाव घालून पासवर्डाची जागा कोरी ठेवली तर एलडॅपच्या नियमाप्रमाणे ती अनोळखी माणसाची भेट समजली जाते, आणि सर्व्हरवर तशी परवानगी चालू असेल तर उत्तर येते 'ठीक'. ॲप्लिकेशन भोळे असेल तर ते त्या 'ठीक'चा अर्थ ओळख पटली असा घेऊन दार उघडून देते! म्हणून कोरा पासवर्ड ॲप्लिकेशनने स्वतःच परत पाठवावा. दुसरी फट म्हणजे नावाच्या जागी कोणी फुली किंवा कंस घातले तर शोधाचा अर्थच बदलतो. तेव्हा नंबरात अक्षरे आणि अंक यांखेरीज काही स्वीकारू नये, आणि शोधात एकाहून अधिक नोंदी सापडल्या तर प्रवेश नाकारावा. तिसरी गोष्ट तारेची. ३८९ क्रमांकाच्या साध्या दाराने पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तेथे कुलूपबंद बोलणे सुरू केल्याशिवाय पासवर्ड पाठवू नये, अथवा ६३६ चे बंद दार वापरावे. घाईच्या वेळी काही कारागीर प्रमाणपत्राची तपासणी बंद करून 'चालू झाले' म्हणून मोकळे होतात. लखोट्याला मोहोर आहे, पण ती कोणाची हे पाहिले नाही, असा तो प्रकार. तसे काम संस्थेने ताब्यात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक दोषही सांगितला पाहिजे. सर्व किल्ल्या एका खुंटीला टांगल्या की खुंटी पडल्यावर सारी दारे बंद होतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा किती, हे तलासरीच्या मुलांना ठाऊक आहे. म्हणून डिरेक्टरीची मूळ प्रत डहाणूस आणि आपोआप अद्ययावत होणारी दुसरी तलासरीस ठेवावी. खर्चाची भीती नको. ओपनएलडॅप हे सॉफ्टवेअर १९९८ पासून विनामूल्य मिळते, आणि आपल्या दोन शाळांएवढ्या नोंदींना साधा संगणक पुरतो. मुख्य पासवर्ड एकट्या शिक्षकाजवळ राहू नये, माझ्याजवळही नाही. तो सीलबंद लखोट्यात सरचिटणीसांच्या कपाटात असावा आणि लखोटा फोडल्यास वहीत सही व्हावी. यंत्रापेक्षा या वहीकडेच दुर्लक्ष होण्याची मला अधिक धास्ती वाटते.

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीला स्थान दिले आहे. म्हणून नोंदीत आम्ही नंबर, नाव, जन्मतारीख, शाखा, इयत्ता आणि पालकांचा फोन एवढेच ठेवावे असे सुचविले आहे. आधार क्रमांक, उत्पन्न, आजारपण यांना लॉगिनच्या वहीत काही काम नाही.

शेवटी पालक हमखास विचारतात तो प्रश्न. मूल पासवर्ड विसरले तर? तो आम्ही फोनवर सांगणार नाही, कारण तो आम्हालाही ठाऊक नसेल. मुलाने वर्गशिक्षकांसमोर येऊन आपले ओळखपत्र दाखवावे आणि नवा पासवर्ड स्वतःच्या हाताने घालावा. घरी मोठा भाऊ असेल, शेजारी दुकान असेल, तरी हे काम त्यांच्याकडून करवून घेऊ नये. तलासरी शाखेत यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास ठेवण्याचा विचार आहे. ज्या माता-भगिनींना मुलाचा निकाल स्वतः पाहावयास शिकावयाचे असेल त्यांनीही त्याच वेळी यावे. त्यांच्यासाठी निराळा संगणक मोकळा ठेवू.