मागायला शिकताना



शाळेत माझी प्रयोगवही वर्गभर फिरायची. बाई मला ‘गुणाची मुलगी’ म्हणायच्या. नोकरीतही तेच, दुसऱ्यांच्या कोडमधले बग मी रात्री बसून काढायचे.

एनिअ‍ॅग्राममध्ये स्वभावाचे ९ प्रकार मानतात. १९७० च्या सुमारास ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो यांनी त्याची आजची मांडणी घडवली. त्यातला दुसरा प्रकार मदतनिसाचा. त्याचा मूळ दोष गर्व, हे वाचून मी चिडले. मदतीत कसला आलाय गर्व? मग उमगलं, ‘सगळ्यांना माझी गरज आहे, मला कुणाची नाही’ हाच तो गर्व. विज्ञानाच्या कसोटीवर हे सगळं फारसं टिकत नाही, पण मला स्वतःकडे बघायला उपयोगी पडलं.

गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती. मी कुणालाच कळवलं नाही आणि तुम्ही कुणी विचारलं नाहीत म्हणून मनातल्या मनात रुसून बसले.

आज पहिल्यांदाच मागते आहे. आई आता घरी आहे. तिला गप्पा मारायला माणसं हवीत, आणि मलाही. रविवारी या. चहा मात्र तुम्ही करायचा!