आळस नव्हे, आजार

आवरलं ना सगळं? बसा जरा. आज आम्ही आधी आमचीच एक चूक सांगणार आहोत.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंना २०२१ च्या लाटेत कोरोना झाला. ताप उतरला, त्या बऱ्या झाल्या, असं आम्ही धरून चाललो. पण त्या बैठकीला येईनात. आल्या तरी हिशेब विसरायच्या. खुरपायला गेल्या की थोड्याच वेळात बांधावर बसायच्या. "कोरोना कधीच गेला, आता कसली नाटकं?" असं आमच्यातल्याच काही जणी बोलल्या. गैरहजेरीचा दंडही आम्ही लावला. पुढे आशाताईंनी समजावलं, तेव्हा कळलं की याला लाँग कोविड म्हणतात. दंड आम्ही परत केला, पण बोललेलं परत घेता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की कोरोनानंतर तीन महिन्यांनीही त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि त्याला दुसरं कारण सापडत नसेल, तर तो लाँग कोविड असू शकतो. थकवा, धाप, छातीत धडधड, झोप न लागणं, विसरायला होणं ही त्याची लक्षणं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो. हे नावसुद्धा एका आजारी बाईनंच दिलं. इटलीच्या एलिसा पेरेगो पुरातत्त्व संशोधक आहेत. मे २०२० मध्ये स्वतःचा त्रास सांगताना त्यांनी हा शब्द वापरला. रुग्ण बोलले, म्हणून संशोधन सुरू झालं.

मग औषध काय? खात्रीनं बरं करणारं एक औषध अजून नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं पॅक्सलोविड हे औषध रुग्णांना पंधरा दिवस देऊन पाहिलं, विशेष फरक पडला नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी तिथंच दुसऱ्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या लोकांना कोरोना झाल्या झाल्या दिली. त्यांच्यात लाँग कोविडचं प्रमाण सुमारे ४१ टक्के कमी दिसलं. पण ही गोळी आधीच थकलेल्यांना बरं करते, असं त्यातून ठरत नाही. म्हणून घरातल्या कुणाची शुगरची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. "हमखास गुण" म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या काढ्यापायी कर्जही काढू नका.

आधी आरोग्य केंद्रात जा. रक्त कमी असणं, थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग यांनीही असाच थकवा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

घरी काम वाटून घ्या. आज बरं वाटतंय म्हणून सगळंच उरकलं, की काही जणींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठवत नाही. अशांनी थकण्याआधीच थांबायचं. भाकरी बसून करा, हंडा दुसऱ्या कुणाला उचलू द्या.

आणि सासूबाईंनो, जाऊबाईंनो, गटातल्या मैत्रिणींनो, "मला होत नाही" असं कुणी म्हणाली, तर आधी तिचं खरं माना. पुढच्या बैठकीत कोण येत नाही ते बघा. दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या.