मिरचीचा ठसका आणि भोपाळची रात्र



मित्रांनो, लाल मिरचीची फोडणी करपली की सगळं घर खोकतं. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये जागे झालेल्या अनेकांना वाटलं, शेजारी कुणीतरी मिरच्या जाळतंय. तो मिथाइल आयसोसायनेट वायू होता. पण त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरात मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. त्यांवर जणू कुलपं आहेत. मिरचीने उघडणारं कुलूप डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि बैरूतमध्ये जन्मलेल्या अर्डेम पटापूटियन यांना मिळालं. त्याच तंतूंवर टीआरपीए१ नावाचं दुसरं कुलूप असतं. धुरातलं अ‍ॅक्रोलीन, क्लोरीन, अश्रुधूर आणि भोपाळचा वायू ते उघडतात. मग व्हेगस नसेतून मेंदूला वर्दी जाते आणि त्याच नसेतून उलट हुकूम येतो: नळी आवळा. स्नायू आवळतात, चिकट स्राव सुटतो, धाप लागते.

बारामती-इंदापुरात हे रोज घडू शकतं. साखर पांढरी करायला कारखान्यात गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वापरतात. हा वायूही याच वाटेने नळी आवळतो. व्हेगसचा हुकूम अडवणारं अ‍ॅट्रोपिन आधी दिलं, तर ते आवळणं बरंचसं रोखता येतं, हे १९६५ मध्येच प्रयोगात दिसलं होतं. उसाचं पाचट पेटवलं की धूर वस्तीत शिरतो. दूध थंड करण्याच्या मोठ्या यंत्रणेत अमोनिया असतो. आणि घरी? संडास साफ करताना अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतलं तर क्लोरीन तयार होतो. हे कधीही करू नका.

आता महत्त्वाचं. निरोगी माणूस खोकून मोकळा होतो. दम्याच्या माणसाची नळी आधीच सुजलेली आणि चिडलेली असते. थोड्या धुरानेही ती आवळते. म्हणून "सगळे तिथेच होते, मग हिलाच कसा त्रास?" असं विचारू नका. ते नाटक नाही.

आपल्याकडे मुली पंप ओढणीआड लपवतात, कारण लग्न जमणार नाही अशी भीती असते. पंपाचं व्यसन लागत नाही. एक पंप आवळलेला स्नायू सैल करतो, दुसरा रोज घेतल्याने सूज कमी ठेवतो. रमजानमध्ये धाप लागली तर पंप घ्या. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. रोजाच्या काळात औषध कसं घ्यायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

शेवटचं. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी, असं तिथे लिहिलं गेलं. भोपाळच्या लोकांना त्या रात्री कुणी सांगितलं नव्हतं की हवेत काय आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे अब्बा, भाऊ एमआयडीसीत किंवा कारखान्यात जातात. आज घरी गेल्यावर त्यांना एवढंच विचारा: तिथे कोणता वायू वापरतात, आणि तो सुटला तर कुठे पळायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? उत्तर 'नाही' असेल, तर आपण मिळून लेखी विचारू.