संकेतस्थळासाठी जागा कोणती घ्यावी?



हापूस, बेदाणा, गूळ थेट ग्राहकाला विकण्यासाठी आपल्यापैकी काहीजण संकेतस्थळ काढत आहेत. त्याची माहिती ज्या संगणकावर राहते तो सर्व्हर. त्यावरील जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. त्याचे मुख्य प्रकार चार.

शेअर्ड होस्टिंग ही सामाईक विहीर. खर्च कमी, पण शेजाऱ्याचा उपसा वाढला की आपले पाणी घटते. व्हीपीएस म्हणजे त्याच विहिरीवरील आपली ठरलेली पाळी. डेडिकेटेड ही स्वतःची विहीर. खर्च व देखभाल जास्त. क्लाउडमध्ये अनेक सर्व्हर मिळून काम करतात. गरजेप्रमाणे वापर वाढवता येतो व बहुधा वापराप्रमाणे पैसे पडतात.

लहान बागायतदाराने शेअर्डपासून सुरुवात करावी. हंगामात गर्दी वाढल्यास पुढचा प्रकार घ्यावा.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, मात्र स्वतःच्याच नावे नोंदवावे. माझ्या मावसभावाने ते संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावे राहू दिले. ऐन एप्रिलमध्ये मुदत संपली, संकेतस्थळ बंद पडले आणि आंब्याच्या पेट्या दलालाकडे गेल्या. सातबारा आपण दुसऱ्याच्या नावे ठेवतो का? मुदतीची तारीख वहीत लिहावी आणि संकेतस्थळावरील सर्व माहितीची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.