कुवेतमधील सार्वजनिक आरोग्यसेवा

इराणी आखाताच्या वायव्य टोंकाशीं वसलेलें कुवेत हें राज्य आज जगांतील धनाढ्य देशांत गणलें जातें. तेथील आरोग्यसेवेचा आरंभ मात्र या संपत्तीच्या आधींचा आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं कुवेत म्हणजे मातीच्या घरांचें एक बंदर होतें. समुद्रांतून मोती काढणें व गलबतांतून माल नेणें, यांवर तेथील लोकांची उपजीविका चाले. तीं गलबतें बसऱ्याकडील खजूर घेऊन मुंबईस येत, आणि रुपया हेंच तेथील चलन १९६१ सालापर्यंत होतें.

शेख मुबारक यांच्या अनुमतीनें अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनीं तेथें काम सुरू केलें, व १९१४ च्या सुमारास त्यांचें रुग्णालय उभें राहिलें. १९१२ सालीं डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली या बाई तेथें आल्या. परपुरुषास नाडी दाखविणेंहि जेथें स्त्रियांस अवघड, तेथें स्त्री-डॉक्टर लाभणें ही केवढी सोय होती, हें महाराष्ट्रांतील जुन्या घरांसहि सहज समजेल.

१९३८ सालीं बुरगाण येथें तेल लागलें. १९४६ सालीं तें परदेशीं जाऊं लागलें. आणि १९४९ सालीं सरकारी अमीरी रुग्णालय उघडलें. पुढें १९६२ सालीं सबाह रुग्णालय झालें. १९६७ सालीं मिशनच्या रुग्णालयाचें काम थांबलें.

आजची व्यवस्था पद्धतशीर आहे. रोग्यानें प्रथम आपल्या वस्तींतील दवाखान्यांत जावें, तेथील डॉक्टरांनीं चिठ्ठी दिल्यावर विभागाच्या मोठ्या रुग्णालयांत जावें, आणि विशेष विकार असल्यास त्या त्या विकाराच्या खास रुग्णालयाचा आश्रय घ्यावा. नागरिकांना ही सेवा विनामूल्य मिळते. कांहीं दुर्धर आजारांत तर सरकार त्यांना स्वखर्चानें परदेशीं पाठवितें.

परंतु या देशांतील दर तीन रहिवाशांपैकीं सुमारें दोघे परदेशी आहेत. १९९९ च्या कायद्यानें त्यांना आरोग्यविमा सक्तीचा झाला; २०१७ सालीं त्यांच्यासाठीं उपचारांचे दर वाढले. २०१८ सालीं उघडलेलें जाबर रुग्णालय, हजारांहून अधिक खाटांचें, नागरिकांसाठीं राखून ठेवण्यांत आलें. देशांतील रुग्णालयांत शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका मात्र बहुतांशीं परदेशी. त्यांत केरळांतून गेलेल्या पुष्कळ.

सरकारची बाजूहि विचारांत घेण्याजोगी आहे. नागरिक आपल्याच रुग्णालयांत गर्दींत ताटकळत राहिले, तर त्यांनीं तक्रार करणें स्वाभाविक होय. पण साथीचा रोग नागरिकत्वाचा दाखला पाहत नाहीं. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां जलीब अल्-शुयूख व महबुला या मजुरांच्या दाट वस्त्या एप्रिल महिन्यांत बंद कराव्या लागल्या. एकेका खोलींत अनेकांनीं राहावें लागतें, अशा ठिकाणीं रोग शिरला कीं त्याची झळ साऱ्या शहरास पोंचते.

कुवेतच्या १९६२ च्या राज्यघटनेंत याविषयीं दोन कलमें आहेत. अकराव्या कलमान्वयें वार्धक्यांत व आजारपणांत राज्यानें नागरिकांस साहाय्य द्यावयाचें आहे. पंधराव्यांत सार्वजनिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध यांची काळजी राज्यावर सोंपविली आहे, आणि तेथें नागरिक हा शब्द नाहीं. या दुसऱ्या कलमाचा अर्थ कुवेत किती व्यापक करतो, यावरच पुढील सांथीच्या वेळीं त्याच्या भव्य रुग्णालयांची उपयुक्तता ठरेल.