काचेत कोंडलेला अणुकचरा

बीबी गावाच्या शिवारात विहीर खोदणारा कुणीही सांगेल, पाणी लागतं ते काळ्या पाषाणाच्या भेगांतून. अणुकचरा पुरणाऱ्यांना धास्ती असते ती याच भेगांची. कारण पाणी शिरलं, की किरणोत्सारी द्रव्य त्याच्यासोबत वाहू लागतं.

आपल्या राज्यात तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते. वापरलेल्या इंधनातून युरेनियम, प्लुटोनियम काढून घेतलं की जहाल, आम्लयुक्त द्रव उरतो. तो बोरोसिलिकेट काचेत सुमारे १००० अंश सेल्सिअसला एकजीव करतात, पोलादी डब्यात ओततात आणि झाकण वेल्डिंगनं कायमचं बंद करतात. काचच का? ती पाण्यात सहजी विरघळत नाही. डबे मात्र आतून तापतच राहतात. तारापूरच्या कोठारात ते उंच धुराड्याच्या ओढीनं खेळणाऱ्या हवेवर निवतात, पंख्याशिवाय! या साध्या युक्तीला दाद द्यायला हवी. डब्यातल्या सीझियम-१३७चा जोर निम्मा व्हायलाच ३० वर्षं लागतात, त्यामुळे ते पुरेसे निवेपर्यंत पुरण्याची घाई नसते.

हातमोजे, फडकी असा सौम्य कचरा जमिनीलगतच्या काँक्रीटच्या खंदकांत जातो. जहाल कचऱ्यासाठी फिनलंडनं ओंकालो इथं ४०० मीटरहून खोल बोगदे खोदलेत. भारतात असं खोल, कायमचं दफनस्थळ अजून नाही.