सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

आजचा विषय ऐकून आमच्या सोनाळ्यातले लोक नक्की विचारतील, "हे बी काम असते काय बाप्पा?" विषय आहे होम स्टेजिंग. म्हणजे विकायचं घर गिऱ्हाईक यायच्या आधी नीट मांडून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे.

आता खरं सांगायचं तर हे काम आपल्याला नवीन नाही. पोरगी पाहायला पाहुणे येणार असले की काय होतं? घरात भरलेला कापूस मागच्या खोलीत जातो, शेजारून खुर्च्या येतात, दिवाणावर नवी चादर पडते. याला कोणी लबाडी म्हणत नाही. पण पोरीचं शिक्षण खोटं सांगितलं तर सोयरीक मोडते. आवरणं वेगळं आणि फसवणं वेगळं, हे आपल्या लोकांना पक्कं माहीत आहे. आज मला याच फरकाबद्दल बोलायचं आहे.

या कामाला धंद्याचं रूप आलं अमेरिकेत. बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी १९७२ मध्ये त्याची सुरुवात केली असं मानतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हे काम बरेचदा इंटिरियरवालेच करतात. माझ्या ओळखीतली एक मुलगी पुण्यात हेच करते. तिचा दिवस कसा जातो, ते सांगतो.

लोकांना वाटतं ती दिवसभर उशा आणि फुलदाण्या लावत असेल. तसं नाही. अर्धा दिवस सामान काढण्यात जातो. जुनं विकाऊ घर असलं की फ्रीजवरचे डबे, दारामागचे कपडे, बाल्कनीतलं कूलरचं खोकं, सगळं बाहेर. मग बाथरूम घासून घ्यायची, ओल आली असेल तर मालकाला सांगायचं. पांढऱ्याफटक ट्यूबऐवजी पिवळसर, ३००० केल्विनचे दिवे लावायचे. पडद्याची दांडी छताजवळ नेली की खोली उंच वाटते. खिडकीसमोर आरसा ठेवला की उजेड वाढतो. फोटो काढले की भाड्याचं सामान टेम्पोत चढवून दुसऱ्या घरी.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. आरशानं खोली मोठी वाटते, पण खोलीचं माप तेच राहतं. खरी गडबड होते नव्या स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये. कारण तिथे तुम्ही जे पाहता ते तुमचं घर नसतंच, तुमचं घर अजून कागदावर असतं.

एक साधं गणित करू. बेडरूम धरा १० बाय १० फूट. आपला नेहमीचा मोठा डबल बेड ६ बाय साडेसहा. बेड लांबीत ठेवला तर पायथ्याशी साडेतीन फूट उरले. समोर २ फूट खोलीचं कपाट ठेवा. राहिलं दीड फूट. तेवढ्यात कपाटाचं दार उघडायचं की माणसानं उभं राहायचं? सॅम्पल फ्लॅटमध्ये हा प्रश्न पडत नाही, कारण काही ठिकाणी पलंगच लहान बनवून घेतलेला असतो. दारं काढलेली असतात, भिंतीच्या जागी काच असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे लगेच ओळखतो. डेमोत सगळं सुरळीत चालतं, कारण डेटा आपणच भरलेला असतो!

माझी ही ओळखीची मुलगी म्हणते, "लहान पलंग मी लावत नाही. त्यावर झोपणार कोण?" तिची काही कामं यामुळे गेली. मला वाटतं, या धंद्यातली अब्रू इथेच आहे.

हे आपल्या गावात का सांगायचं? कारण सोनाळा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडची आमच्यासारखी पोरं शिकून पुण्याला जातात आणि बुकिंगच्या रकमेत कधी कधी घरच्या शेतीचा पैसा असतो. आई-बाबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येतात, एसी लावलेला सॅम्पल फ्लॅट पाहतात आणि खुश होतात. त्यांच्या खुशीवर सही होते.

तर जाताना खिशात टेप ठेवा. पलंग मोजा, कपाट मोजा, दार कुठे उघडेल ते विचारा. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून माहिती पाहा. कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ तर सॅम्पल फ्लॅटलाही लागू होतं. त्यातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासकट परत मागता येते. आणि कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. म्हणून जे तोंडी सांगतात ते लेखी घ्या, आणि सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढून ठेवा. फोटो काढू देत नसतील, तर तिथेच काय ते समजा.

घर सजवणाऱ्याचं काम वाईट नाही, मेहनतीचं आहे. कौतुक जरूर करा. फक्त माप आपलं आपण घ्या.

तुमच्या घरी कोणी फ्लॅट पाहत असेल तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!